बुडबुड्यांची सोनोग्राफी केली तर सुई टळेल का?

एका वाचक ताईंचं पत्र थोडं आटोपशीर करून देते आहे:

“मॅडम, माझं वय ४७. सातारा जिल्ह्यात शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात आंघोळ करताना उजव्या स्तनात गाठ हाताला लागली. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये ‘१४ मि.मी., कडा काही ठिकाणी अस्पष्ट, बाय-रॅड्स ४-ए’ असं आहे. सर्जननी कोअर बायोप्सी (जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं) सांगितली. मावशी म्हणतात, सुई लावू नकोस, गाठ खवळते आणि अंगभर पसरते. त्यांच्या जावेचं तसंच झालं. माझा भाचा जर्मनीत असतो. तो म्हणतो, तिकडे शिरेतून बुडबुडे सोडून सोनोग्राफी करतात, गाठ साधी की कॅन्सरची ते त्यातच कळतं. मला वयाच्या चोविसाव्या वर्षापासून मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, क्रिएटिनिन १.८ आहे. किडनीच्या डॉक्टरांनी फाइलवर ‘कॉन्ट्रास्ट टाळा’ असं लाल पेनाने लिहिलंय. ही तपासणी मला चालेल का? पुण्या-मुंबईत कुठे होते? ती होईपर्यंत बायोप्सी थांबवली तर चालेल ना?”

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. बायोप्सी थांबवू नका. सर्जननी जी तारीख दिली असेल ती घ्या, आणि ती तुमच्याच गावाजवळ होत असेल तर तिथेच करा. बुडबुड्यांच्या तपासणीसाठी पुण्या-मुंबईला जायची आज तुम्हाला गरज नाही.

पण तुमचा भाचा काही चुकीचं ऐकून आलेला नाही. ही तपासणी खरी आहे, चांगली आहे, आणि तुमच्या किडनीला तिचा त्रासही नाही. तरीसुद्धा मी ‘आधी सुई’ का म्हणते, ते नीट सांगते. ‘डॉक्टर सांगतात म्हणून करा’ एवढ्यावर मावशींचं समाधान होणार नाही, आणि व्हायलाही नको.

या तपासणीला आम्ही कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी म्हणतो. कॉन्ट्रास्ट म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शरीरात सोडलेलं औषध. एका छोट्या बाटलीत पांढरी पूड आणि सल्फर हेक्साफ्लोराइड नावाचा वायू असतो. त्यात पाच मिली सलाईन घालून बाटली वीस सेकंद जोरजोरात हलवली की दुधाळ पाणी तयार होतं. त्यातल्या प्रत्येक थेंबात लाखो बुडबुडे असतात: आत वायू, बाहेर चरबीच्या जातीचं पातळ कवच. एकेका बुडबुड्याची जाडी सरासरी अडीच मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग). रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची असते, म्हणजे जिथून पेशी जाते तिथून हा बुडबुडा सहज जातो, अगदी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतूनही. हातातल्या शिरेत कॅन्युला लावून हे दोन ते पाच मिली पाणी सोडतात आणि मागून सलाईन ढकलतात. दहा-वीस सेकंदांत बुडबुडे स्तनात पोहोचतात.

त्या वेळी मशीनच्या ध्वनिलहरींचा जोर मुद्दाम खूप कमी ठेवलेला असतो, नाहीतर बुडबुडे फुटतात. हलक्या ध्वनिलहरींनी ते फुगतात, आक्रसतात आणि स्वतःचा वेगळा प्रतिध्वनी परत पाठवतात. मशीन तेवढाच प्रतिध्वनी वेगळा काढून दाखवतं. पडदा दोन भागांत विभागलेला असतो. एका बाजूला नेहमीची राखाडी सोनोग्राफी, दुसऱ्या बाजूला जवळजवळ काळोख. मग त्या काळोखात एक-एक ठिपका चमकायला लागतो आणि गाठीतलं रक्त कुठून शिरतं, किती वेगाने भरतं, कुठे पोहोचतच नाही, हे डोळ्यांसमोर घडतं. मध्येच हा जोर क्षणभर वाढवून त्या जागचे सगळे बुडबुडे फोडतात आणि नवे कसे भरतात ते पुन्हा बघतात. पहिलं मिनिट फार मोलाचं. दोन-तीन मिनिटांत सगळं उरकतं. नेहमीच्या डॉपलरमध्ये, म्हणजे वाहतं रक्त दाखवणाऱ्या साध्या सोनोग्राफीत, फक्त मोठ्या वाहिन्या दिसतात. हे बारीक जाळं तिथे दिसत नाही.

कॅन्सरशी याचा संबंध असा. कॅन्सरची गाठ दोन-एक मि.मी.च्या पुढे वाढायची तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो. त्यासाठी ती आजूबाजूच्या वाहिन्यांना नवे फाटे फोडायला लावते. जुडा फोकमन या अमेरिकन सर्जननी १९७१ साली ही कल्पना मांडली होती. हे फाटे घाईघाईने उगवलेले असतात: वेडेवाकडे, कुठे दाट, कुठे नाहीत. म्हणून कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा लवकर आणि जोरात उजळते, सगळीकडे सारखी उजळत नाही, मधला मेलेला भाग काळाच राहतो. साध्या सोनोग्राफीत दिसली त्यापेक्षा ती बुडबुड्यांमध्ये मोठी दिसते, आणि कडेने वाहिन्या आत घुसताना दिसतात. साधी गाठ बहुधा एकसारखी उजळते, तिची कड स्वच्छ राहते, किंवा ती उजळतच नाही.

या परिच्छेदात ‘बहुतेक वेळा’ आणि ‘बहुधा’ हे शब्द मी जाणूनबुजून घातलेत. तरुण बायकांमधला रसरशीत फायब्रोअॅडेनोमा, म्हणजे एक साधी गाठ, कॅन्सरसारखा जोरात उजळू शकतो. आपल्याकडे ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, म्हणजे स्तनाची एक जुनाट सूज, बऱ्यापैकी दिसते. स्तनाचा टीबीही दिसतो. जिथे सूज तिथे रक्त, म्हणून दोन्ही झगमगतात. उलट दुधाच्या नळ्यांच्या आतच असलेला सुरुवातीचा कॅन्सर कधीकधी फारसा उजळत नाही. घराला पाणी किती जातं हे मीटरवरून कळतं, पण आत कोण राहतं ते दार उघडल्याशिवाय कळत नाही. बुडबुडे रक्तवाहिनीच्या बाहेर पडतच नाहीत. ते रक्ताचा हिशेब देतात. पेशी कशा आहेत, हे सांगणं त्यांच्या हातात नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. स्तन मऊ अवयव आहे. तपासणाऱ्याने प्रोब थोडा जास्त दाबला तरी बारीक वाहिन्या मिटतात आणि भरपूर रक्त असलेली गाठ पडद्यावर निस्तेज दिसते. औषध एकच, मशीन एकच, तरी दोन हातांनी केलेल्या तपासणीत फरक पडू शकतो. लिव्हरच्या गाठीसाठी हीच तपासणी इतकी भरवशाची आहे की औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने २०१६ मध्ये त्यासाठी तिला मान्यता दिली. स्तनाच्या बाबतीत चित्र देशागणिक वेगळं आहे. युरोपात सोनोव्ह्यू, म्हणजे वर सांगितलेलं बाटलीतलं बुडबुड्यांचं औषध, २००१ पासून आहे आणि स्तनाच्या गाठींमधल्या रक्तवाहिन्या बघायला ते वापरता येतं. जपानने पेरफ्लुरोब्युटेन वायूच्या बुडबुड्यांना स्तनासाठी २०१२ मध्ये परवानगी दिली. मात्र तुमच्या रिपोर्टमधलं ‘४-ए’ ज्या बाय-रॅड्स पद्धतीतून (गाठीचा संशय किती ते वर्ग देऊन लिहायची पद्धत) आलंय, तिच्या २०१३ च्या आवृत्तीत गाठीचा रक्तपुरवठा आणि कडकपणा यांची नोंद आहे. बुडबुड्यांच्या तपासणीवरून वर्ग ठरवायची सोय नाही. आणि भाच्याला हे जरूर सांगा की जर्मनीतही संशय आलेल्या गाठीचं निदान शेवटी कोअर बायोप्सीनेच पक्कं करतात.

आता ४-ए म्हणजे काय ते बघू, कारण हे अक्षर वाचून तुमची झोप उडाली असणार. ४-ए गटातल्या १०० बायकांपैकी २ ते १० जणींना कॅन्सर निघतो. म्हणजे किमान नव्वद जणींना निघत नाही. हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवा.

तुमच्या मनात येईल, मग बुडबुड्यांची तपासणी करून हा धोका आणखी कमी झाला तर सुई कशाला? प्रश्न रास्त आहे. समजा, निव्वळ हिशेबासाठी, की ही तपासणी १०० कॅन्सरांपैकी ९० पकडते आणि १०० साध्या गाठींपैकी ८० जणींना ‘साधी’ म्हणून सोडते. तुमच्यासारख्या १००० बायका घेतल्या आणि त्यातल्या ६० जणींना कॅन्सर धरला, तर ५४ पकडल्या जातील, ६ निसटतील. उरलेल्या ९४० पैकी १८८ जणींना उगाच घाबरवलं जाईल. त्या सगळ्यांना सुई लागेलच. ‘साधी’ म्हणून सुटलेल्या ७५८ जणींत ६ कॅन्सर लपलेले असतील, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. कागदावर हे चांगलं दिसतं, मी लपवत नाही. ४-ए च्या काही गाठी अशा रीतीने ३ मध्ये उतरवता येतील का, यावर गंभीर संशोधन चालू आहे आणि ते व्हायलाच हवं.

पण बाय-रॅड्स ३ म्हणजे ‘झालं, सुटलात’ असं नसतं. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी, वर्षाने पुन्हा, दोन वर्षांनी पुन्हा. तेवढे सगळे महिने रात्री हात त्या गाठीवर जाणार. वर मी धरलेले ९० आणि ८० हे आकडे उत्तम हातांतले. जिथे महिन्यातून एखादीच अशी तपासणी होते, तिथे ते तसेच राहतील याची हमी कुणी देऊ नये. बायोप्सी अर्ध्या तासात होते आणि आठवडाभरात उत्तर हातात पडतं. दोन्ही वाटा समोर ठेवल्या तर माझ्या सख्ख्या बहिणीलाही मी बायोप्सीचीच सांगेन.

किडनीचं मात्र तुम्ही फार नेमकं विचारलंत. फाइलवरचं ‘कॉन्ट्रास्ट टाळा’ हे मुख्यतः सीटी स्कॅनच्या आयोडीनवाल्या औषधासाठी आहे, आणि एमआरआयच्या गॅडोलिनियमबाबत तुमच्या डॉक्टरांना आधी विचारायला हवं म्हणून आहे. हल्ली कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफी निघाली आहे, तिच्यातही आयोडीनच असतं. कुणी ती सुचवली तर फाइल पुढे करा. बुडबुड्यांचं तसं नाही. आतला वायू फुप्फुसांतून श्वासावाटे निघून जातो, पंधरा-एक मिनिटांत जवळजवळ सगळा. किडनीवर कामच पडत नाही. क्रिएटिनिन बघितलं नाही तरी चालतं. इटलीत २३,१८८ तपासण्यांचा हिशेब २००६ साली प्रसिद्ध झाला, त्यात गंभीर रिअॅक्शन दोनच होत्या. रिअॅक्शन क्वचित येते, पण येऊ शकते, म्हणून तपासणीच्या खोलीत इमर्जन्सीची औषधं असावीच लागतात. पॉलिएथिलिन ग्लायकॉलची अॅलर्जी असेल तर सोनोव्ह्यू घेऊ नये. काही जुलाबाच्या औषधांत ते असतं, तेव्हा अशा औषधाने कधी अंगावर पित्त उठलं असेल तर सांगा. पुढे कधी तुम्हाला लिव्हरचा किंवा आणखी कसला प्रश्न आला आणि सीटी करता येत नसलं, तर तेव्हा या तपासणीची आठवण ठेवा. तिथे ती तुमच्या खरोखर कामाची आहे.

आता मावशी. त्यांच्यावर रागावू नका. त्यांनी जावेचं डोळ्यांनी पाहिलंय. पण गावोगाव घडतं ते असं: गाठ वर्षभर अंगावर काढली जाते, लाजेपोटी कुणाला दाखवली जात नाही, आणि ज्या आठवड्यात ती त्वचेवर यायला लागते त्याच आठवड्यात सुई लागते. पुढच्या महिन्यात जे दिसतं त्याचा दोष सुईला जातो. सुईच्या वाटेवर काही पेशी सांडू शकतात, हे खरं आहे. पण त्यातल्या बहुतेक तिथेच मरतात, आणि पुढे ऑपरेशन व रेडिएशनमध्ये त्या भागाचाही बंदोबस्त होतो. बायोप्सी झालेल्या बायकांचं आयुष्य त्यामुळे कमी झालेलं दिसलेलं नाही.

मावशींना आणखी एक सांगा, आणि हे आपल्याच देशातलं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने भारतातल्या ११ केंद्रांत दीड हजारांहून जास्त स्त्रियांवर एक अभ्यास झाला, तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या जणींना ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी कॅन्सरच्या गाठीच्या सभोवती सुईने भूल दिली, म्हणजे लिग्नोकेन टोचलं, बाकीच्यांना नाही. पाच वर्षांनी सुई टोचलेल्यांपैकी ९०.१ टक्के जिवंत होत्या, न टोचलेल्यांपैकी ८६.४ टक्के. अभ्यास भुलीच्या औषधासाठी होता, बायोप्सीसाठी नव्हता, आणि त्या सुया गाठीच्या आत नव्हे तर भोवती गेल्या होत्या. तेव्हा त्यावरून जास्त ताणू नये. पण गाठीजवळ सुई गेली की रोग खवळतोच, ही समजूत त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

बायोप्सीत काय होतं ते सांगते, म्हणजे टेबलावर आडवं पडल्यावर दचकायला होणार नाही. सोनोग्राफीचा प्रोब गाठीवर ठेवतात. त्वचेत आणि आत भुलीचं इंजेक्शन देतात. ते थोडं चुणचुणतं, दुखायचं असलं तर तेवढंच. दोन-तीन मि.मी.चा छेद. त्यातून चौदा नंबरची सुई आत जाते, पडद्यावर पांढऱ्या रेघेसारखी सरकताना तुम्हालाही दिसेल. मग ‘खट्’ असा मोठा आवाज येतो, स्टेपलर दाबल्यावर येतो त्याहून मोठा. आवाजाला दुखणं समजून बायका उडतात, म्हणून डॉक्टरांना म्हणा, आधी एकदा बाहेरच वाजवून दाखवा. चार-पाच वेळा खट् झालं की शेवयांच्या जाडीचे तुकडे फॉर्मेलिनच्या बाटलीत जातात. दहा मिनिटं दाबून धरतात, पट्टी लावतात, घरी पाठवतात. टाके नाहीत. काळं-निळं पडेल, आठवड्यात जाईल. सकाळी नेहमीसारखं खा आणि नेहमीचं इन्सुलिन घ्या, उपाशी राहून साखर उतरवू नका. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची दुसरी गोळी चालू असेल तर आदल्या आठवड्यातच सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सर्जननी कोअर म्हटलंय, तर कोअरच करून घ्या. ‘आधी बारीक सुईने पाणी काढून बघू, स्वस्तात होईल’ असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. बारीक सुईत सुट्ट्या पेशी येतात. त्या एकमेकींना कशा चिकटल्या होत्या ते कळत नाही. कॅन्सर निघालाच तर ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) या तपासण्यांवर बरेचसे उपचार ठरतात, आणि त्यांच्यासाठी तुकडाच हवा. बुडबुड्यांची कितीही सुंदर तपासणी झाली असती तरी ही तीन उत्तरं तिच्यातून मिळाली नसती.

तुमच्या पत्रात एक ओळ अशी आहे जी इतर कुणाच्या लक्षात आली असेल-नसेल. तेवीस वर्षांचा इन्सुलिनवरचा मधुमेह, आणि किडनीवर परिणाम. अशा बायकांत कधीकधी डायबेटिक मॅस्टोपॅथी नावाची कडक गाठ होते. ती पूर्णपणे निरुपद्रवी असते, पण हाताला आणि सोनोग्राफीत कॅन्सरसारखीच लागते: टणक, अस्पष्ट कडेची, मागे गडद सावली. बायोप्सीत ती ओळखता येते आणि मग ती कापून काढायचीही गरज नसते. तुमची तीच आहे असं मी म्हणत नाही. गाठ न बघता तसं म्हणणं चुकीचं होईल. पण पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर ‘मधुमेह, २३ वर्षं, इन्सुलिन’ असं ठळक लिहायला लावा. फॉर्मवर बरेचदा फक्त ‘ब्रेस्ट लंप’ एवढंच लिहिलेलं असतं आणि पॅथॉलॉजिस्टला ही शक्यता सुचायला काही कारणच उरत नाही.

बुडबुडे तुमच्या वाटेत पुढे कुठे येऊ शकतात? कॅन्सर निघाला आणि ऑपरेशनच्या आधी केमो द्यायची ठरली, तर गाठीचा रक्तपुरवठा आटतोय का हे बघायला काही केंद्रं ही तपासणी वापरतात, आणि एमआरआयच्या औषधाची अडचण असलेल्या तुमच्यासारख्या पेशंटसाठी ते सोयीचं पडू शकतं. बायोप्सीत नुसता मेलेला भाग आला, तर जिवंत भाग कुठे आहे ते शोधून तिथे सुई नेता येते. आणि काखेतली पहिली लसिकाग्रंथी, म्हणजे रोग पसरलाच तर जिथे आधी पोहोचतो ती, शोधायला हेच बुडबुडे शिरेऐवजी निप्पलभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेला त्वचेत टोचतात. इंग्लंडमध्ये यावर बरंच काम झालंय. हे सगळे नंतरचे प्रश्न. आपल्याकडे ही तपासणी मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांत होते, औषधाच्या बाटलीचे वेगळे पैसे पडतात, आणि लिव्हरसाठी ती करणारे सगळेच जण स्तनासाठी करत नाहीत. तेव्हा वेळ आली तर फोनवर ‘स्तनासाठी करता का, महिन्याला किती करता’ असं सरळ विचारायचं.

रिपोर्ट आला की सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट दोघांनाही एकच प्रश्न विचारा: ‘हा रिपोर्ट आणि सोनोग्राफीत दिसलेलं चित्र एकमेकांशी जुळतंय का?’ रिपोर्ट साधा आला पण त्यावरून गाठीच्या अस्पष्ट कडेचा उलगडा होत नसेल, तर पुन्हा बायोप्सी मागायला संकोच करू नका. तुकडा शेजारचाच आलेला असू शकतो. जुळत असेल आणि साधा असेल, तर पुढची सोनोग्राफी कधी करायची ते लिहून घ्या. मॅमोग्राफीच्या फिल्म आणि सीडी तुमच्याकडेच ठेवा, दवाखान्यात सोडून येऊ नका. आणि मावशींना सोबत न्या. बाहेर बाकावर बसून खट् आवाज ऐकला आणि अर्ध्या तासात तुम्ही चालत बाहेर आलेल्या पाहिल्या, की पुढच्या वेळी कुणाला गाठ लागली तर त्या स्वतःच तिला घेऊन येतील.